थांब्यावर उभा असलेला मुंबईकर

कुलाब्याच्या अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत मुंबईतील पहिली बस धावली ती १५ जुलै १९२६ रोजी. म्हणजे २०२६ हे मुंबईच्या बससेवेचे शताब्दी वर्ष. शताब्दी म्हटली की सत्कार, स्मरणिका आणि रोषणाई ओघाने आलीच. परंतु जिची शताब्दी साजरी करावयाची तिची प्रकृती कशी आहे, याची चौकशी उत्सवाआधी होणे अधिक उचित.

मुंबईने आपली सार्वजनिक वाहतूक मोठ्या हौसेने उभी केली. १८७४ साली घोड्यांची ट्राम आली, १९०७ साली विजेची. १९३७ साली दुमजली बस अवतरली. ऑगस्ट १९४७ मध्ये, देश स्वतंत्र होण्याच्या आठवडाभर आधी, हा सारा उपक्रम महापालिकेच्या मालकीचा झाला. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम धावली आणि तिचा भारही बसने उचलला. या प्रवासात शहराला एक सवय लागली. ती म्हणजे थांब्यावर रांग लावण्याची. गिरणी कामगार, मंत्रालयातील कारकून आणि कोळीवाड्यातील मासळीवाली एकाच रांगेत उभी राहत. या शिस्तीचे कौतुक पुष्कळ झाले. तिचे कारण मात्र फारसे कोणी पाहिले नाही. बस येणार याची खात्री असते तेव्हाच माणूस रांगेत उभा राहतो. ही खात्रीच आज उरलेली नाही.

दीड दशकापूर्वी 'बेस्ट'च्या ताफ्यात चार हजारांहून अधिक गाड्या होत्या. २०२५ साली ही संख्या तीन हजारांच्या खाली गेली आणि त्यांतही उपक्रमाच्या स्वतःच्या गाड्या वर्षअखेरीस पाचशेहून कमी उरल्या. बाकीच्या भाडेतत्त्वावरील. अनेक मार्गांवर मोठ्या बसची जागा छोट्या बसने घेतली. गाड्या कमी झाल्या की दोन बसमधील अंतर वाढते. अंतर वाढले की प्रवासी शेअर रिक्षाकडे वळतो किंवा कर्ज काढून दुचाकी घेतो. प्रवासी घटले की उत्पन्न घटते आणि त्याचाच दाखला देऊन आणखी फेऱ्या कमी केल्या जातात. रोग्याचे अन्न तोडावयाचे आणि तो अशक्त झाला म्हणून हळहळावयाचे, असा हा प्रकार आहे.

तोटा की कर्तव्य?

बससेवा तोट्यात चालते, हा आक्षेप नवा नाही. पूर्वी वीजपुरवठ्याच्या उत्पन्नातून वाहतुकीचा तोटा भरून निघे. वीजक्षेत्रातील नव्या नियमनामुळे ती वाट बंद झाली आणि पर्यायी व्यवस्था मात्र कायमस्वरूपी उभी राहिली नाही. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आणले गेले, तेव्हा प्रवासी मोठ्या संख्येने बसकडे परतले. लोकांना बस नको आहे, हा समज त्या वेळी खोटा ठरला. मे २०२५ मध्ये तेच भाडे दहा रुपये झाले. घरकामासाठी रोज दोन-तीन बस बदलणाऱ्या बाईला या दुपटीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

भाडेतत्त्वाने खर्च वाचतो, असे सांगितले जाते. पण त्या बचतीची किंमत कोण मोजतो? ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांनी वेतनासाठी काम थांबविले तेव्हा हजारो प्रवासी थांब्यांवर खोळंबले. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात भाडेतत्त्वावरील विजेची बस गर्दीत घुसून अनेकांचे प्राण गेले आणि चालकांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न ऐरणीवर आला. गाडी कंत्राटदाराची असू शकते. तिच्यातील प्रवाशाची जबाबदारी मात्र कंत्राटाने देता येत नाही.

रस्ता कोणाचा?

पैसा नाही म्हणावे, तर तसेही दिसत नाही. २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झालेला सुमारे साडेदहा किलोमीटरचा सागरी किनारा मार्ग तेरा-चौदा हजार कोटी रुपयांचा आहे. त्यावर दुचाकीला प्रवेश नाही. त्याचा मुख्य लाभ मोटारधारकाला. १९९०च्या दशकात उड्डाणपुलांची मालिका उभी राहिली तेव्हाही कोंडी सुटेल असेच आश्वासन होते. कोंडी पुढच्या चौकात सरकली, इतकेच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! 'वाहने नव्हे, माणसे हलवा' हे तत्त्व केंद्र सरकारने २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात स्वीकारले. पन्नास प्रवाशांची बस आणि एकट्या माणसाची मोटार सिग्नलपाशी एकामागे एक उभी असते. त्या दोघींचा हक्क समान मानणे हा या धोरणाचाच भंग होय.

मेट्रोला विरोध करण्याचे येथे कारण नाही. कफ परेड ते आरे ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्णपणे धावू लागली, हे स्वागतार्हच आहे. परंतु मेट्रो माणसाला स्थानकापर्यंत नेते, घरापर्यंत नाही. स्थानकाबाहेर बस उभी नसेल, तर कोट्यवधी रुपयांची ती गुंतवणूक जिन्यापाशीच लंगडी पडते.

उपाय अपूर्व नाहीत. रस्ते व पाणी यांप्रमाणेच बससेवेसाठीही पालिकेच्या अंदाजपत्रकात हक्काची तरतूद हवी. गर्दीच्या रस्त्यांवर बसला वेगळी मार्गिका हवी आणि ती इतर वाहनांपासून राखण्याची धमकही हवी. शहराच्या मध्यभागी असलेली आगारे ही विकावयाची जमीन नसून पहाटेची पहिली बस वेळेवर सुटण्याची हमी आहे, हे ओळखले पाहिजे. आगाराच्या जागी मनोरे उभे राहिले, तर ती जागा पुन्हा मिळणार नाही.

शताब्दीच्या दिवशी एखादी जुनी दुमजली बस फुलांनी सजवता येईल, तिची छायाचित्रेही निघतील. थांब्यावर ताटकळणाऱ्या माणसाला त्यापेक्षा साधी भेट हवी आहे. पुढची बस दहा मिनिटांत येईल असे त्याला सांगावे, आणि ती यावी.