दंतवल्कातील सममिती : चंद्रपूर-गडचिरोलीच्या भूजलाच्या निमित्ताने

चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे फ्ल्युओराइट या खनिजाचे साठे आहेत. फ्ल्युओरीन हे मूलद्रव्य त्यात कॅल्शियमच्या सोबतीने घनाकृती स्फटिकांत बद्ध झालेले असते. चंद्रपूर आणि १९८२ मध्ये त्यातून वेगळा झालेला गडचिरोली, या दोन्ही वनप्रधान जिल्ह्यांतील ग्रॅनाइट व पट्टिताश्म यांसारख्या प्राचीन खडकांतही ते कृष्णाभ्रक, अॅपेटाइट इत्यादी खनिजांच्या आश्रयाने राहते. खोल भूजल अशा खडकांच्या सान्निध्यात दीर्घकाळ राहिले, आणि त्यात क्षारता अधिक व कॅल्शियम कमी असले, म्हणजे फ्ल्युओराइड त्यात उतरते. वरोरा तालुक्यासह या प्रदेशातील काही भागांत विंधन विहिरींच्या पाण्यात त्याचे प्रमाण मर्यादेबाहेर आढळले आहे. ही मर्यादा भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम, व पाण्याचा अन्य स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅम इतकी आहे.

खडकातून पाण्यात आणि पाण्यातून बालकाच्या दातात जाणाऱ्या या आयनाचा प्रवास दंतवैद्यकाचा विषय आहे, हे उघड आहे. परंतु दातात पोचल्यावर त्याला नेमकी कोणती जागा मिळते, हा प्रश्न मात्र बीजगणिताचा आहे. या दोन शास्त्रांचा संबंध कोठवर पोचतो व कोठे संपतो, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

अॅपेटाइटचा गट

दंतवल्काचा, म्हणजे दाताच्या बाह्य कठीण आवरणाचा, वजनाने सुमारे ९६ टक्के भाग खनिजरूप असतो. हे खनिज अॅपेटाइट कुलातील आहे. फ्ल्युओरअॅपेटाइटची स्फटिकरचना नाराय-साबो आणि मेमेल यांनी १९३० मध्ये स्वतंत्रपणे निश्चित केली. तिच्या एकक कोशिकेत कॅल्शियमचे १०, फॉस्फरसचे ६, ऑक्सिजनचे २४ व फ्ल्युओरीनचे २ अणू असतात. हेच आकडे का यावेत, याचा उलगडा गटसिद्धांत फार सुबकपणे करतो.

स्फटिकाला स्वतःवरच आणून बसविणाऱ्या सर्व क्रियांचा संच हा एक गट होय. एका क्रियेमागून दुसरी केली असता त्याच संचातील क्रिया मिळते. प्रत्येक क्रियेला व्यस्त क्रिया असते. आणि काहीच न करणे ही एकक क्रिया होय. त्रिमितीय स्फटिकांसाठी असे २३० अवकाशगट संभवतात, हे फेडोरोव्ह आणि शोनफ्लीज यांनी १८९१ च्या सुमारास सिद्ध केले. फ्ल्युओरअॅपेटाइटचा गट त्यांपैकी १७६ व्या क्रमांकाचा आहे. त्यात एक मळसूत्री अक्ष असतो : ६० अंशांचे परिवलन आणि त्याबरोबर अक्षाच्या दिशेने अर्ध्या कोशिकेइतके सरकणे, अशी ही जोडक्रिया आहे. त्या अक्षाला लंब अशी परावर्तन-प्रतलेही असतात. स्थानांतरणांच्या उपगटाने या अनंत गटाला भागले असता १२ क्रियांचा क्रमनिरपेक्ष भागगट उरतो.

आता कोशिकेतील एखादा अणू घ्यावा. गटाच्या क्रियांमुळे तो ज्या ज्या जागी जातो त्या जागांचा समुदाय ही त्याची कक्षा, आणि ज्या क्रिया त्याला जागचा हलवीत नाहीत त्यांचा उपगट हा त्याचा स्थिरक. कक्षेतील जागांची संख्या आणि स्थिरकाचा क्रम यांचा गुणाकार नेहमी गटाच्या क्रमाइतका, येथे १२, असतो. फ्ल्युओरीन मळसूत्री अक्षावर, कॅल्शियमच्या तीन अणूंनी झालेल्या त्रिकोणाच्या मध्यभागी, नेमके परावर्तन-प्रतलावर असते. त्याच्या स्थिरकाचा क्रम ६, म्हणून जागा २. कॅल्शियमचे काही अणू त्रिमुखी अक्षांवर असतात; तेथे स्थिरकाचा क्रम ३, म्हणून जागा ४. उरलेले केवळ प्रतलावर असतात; तेथे क्रम २, म्हणून जागा ६. एकूण कॅल्शियम १०. प्रतलावरील फॉस्फरसच्या जागा याच न्यायाने ६ येतात. ऑक्सिजनच्या ६, ६ व १२ मिळून २४. रासायनिक सूत्रातील प्रत्येक आकडा अशा रीतीने गटाच्या रचनेतून निघतो.

हायड्रॉक्सिलची अडचण

दंतवल्काची घडण प्रामुख्याने हायड्रॉक्सिअॅपेटाइटसारखी असते. त्यात फ्ल्युओरीनच्या जागी हायड्रॉक्सिल आयन असतो. हा आयन एका टोकास ऑक्सिजन व दुसऱ्या टोकास हायड्रोजन असा दिशायुक्त असल्यामुळे प्रतलावर समतोलपणे बसू शकत नाही. त्याचा ऑक्सिजन प्रतलापासून सुमारे ०.३ अँगस्ट्रॉम वर किंवा खाली सरकतो. प्रतल सुटताच स्थिरकाचा क्रम ६ वरून ३ वर येतो आणि जागा ४ होतात. परंतु कोशिकेत हायड्रॉक्सिल आयन दोनच आहेत. याचा अर्थ असा की निम्म्या जागा रिकाम्या राहिल्या पाहिजेत, आणि षट्कोणी सममिती केवळ सरासरीने खरी ठरली पाहिजे. शुद्ध हायड्रॉक्सिअॅपेटाइटमध्ये हे आयन स्तंभागणिक एका दिशेने मांडले गेले असता सममिती खरोखरच उतरते व स्फटिक एकनत होतो, हे १९७३ मध्ये इलियट, मॅकी व यंग यांनी दाखविले.

फ्ल्युओराइडला ही अडचण नाही. त्रिकोणाच्या मध्यभागी ते घट्ट बसते, आणि त्या स्फटिकाची विद्राव्यता कमी होते. हायड्रॉक्सिअॅपेटाइट साधारणतः ५.५ पीएचखाली विरघळू लागते, फ्ल्युओरअॅपेटाइट ४.५ च्या आसपासपर्यंत टिकते. अल्प फ्ल्युओराइड दंतक्षयाला प्रतिबंध करते त्यामागे हे एक कारण आहे.

बीजगणिताची सीमा

येथे एक विरोधाभास उभा राहतो. फ्ल्युओराइडने स्फटिक अधिक सममित व अधिक टिकाऊ होत असेल, तर ज्या गावांच्या पाण्यात ते विपुल आहे त्या गावांतील मुलांचे दात खडूसारखे पांढरे, तपकिरी डागांचे व खळगे पडलेले का व्हावेत? याचे उत्तर स्फटिकात नाही. दात घडत असताना, म्हणजे वयाच्या पहिल्या सुमारे आठ वर्षांत, दंतवल्क निर्माण करणाऱ्या पेशींच्या कार्यात जादा फ्ल्युओराइड व्यत्यय आणते. जी प्रथिने वेळेवर निघून जावयास हवीत ती रेंगाळतात, आणि पृष्ठभागाखालचे दंतवल्क सच्छिद्र व अपुऱ्या खनिजाचे राहते. प्रत्येक वीट उत्तम असूनही भिंत पोकळ राहावी, तसा हा प्रकार आहे. अनेक वर्षे असेच पाणी पोटात गेल्यास हाडे व संधिबंधही कठीण होऊन पाठीचा कणा ताठरतो. भारतात या अस्थिविकाराचे वर्णन शॉर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये नेल्लोर भागातून प्रथम केले.

दंतरोपणाच्या शस्त्रक्रियेतही हीच दुहेरी दृष्टी लागते. टायटॅनियम व जिवंत अस्थी यांचा थेट सांधा जुळतो, हे ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये सशांवरील प्रयोगांत आढळले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर असे रोपण केले. पुढे टायटॅनियमवर हायड्रॉक्सिअॅपेटाइटचा लेप देण्याची पद्धत आली. अतितप्त प्लाझ्मातून फवारलेले कण झपाट्याने निवतात तेव्हा काही भाग अस्फटिक राहतो. त्याची सममिती हरपलेली असते आणि तो लवकर विरघळतो. क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखात हा दोष स्पष्ट ओळखता येतो. मात्र लेप कितीही निर्दोष असला तरी तो ज्या अस्थीत बसावयाचा तिची प्रत बीजगणित सांगत नाही. फ्ल्युओराइडने दाट झालेली अस्थी बळकट असतेच असे नाही, कारण दाटपणा आणि बळकटी या दोन भिन्न गोष्टी आहेत. म्हणून या प्रदेशातील रुग्णावर रोपण करताना तो कोणत्या विहिरीचे पाणी किती वर्षे प्याला, हा प्रश्न शल्यचिकित्सकाने प्रथम विचारला पाहिजे.

त्याहून महत्त्वाचा उपाय शस्त्रक्रियेच्या आधीचा आहे. तुरटी, चुना व ब्लीचिंग पावडर वापरून पाण्यातील फ्ल्युओराइड कमी करण्याची नलगोंडा पद्धत नागपूरच्याच राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केली. एकदा बिघडून उगवलेले दंतवल्क शरीर पुन्हा घडवीत नाही. पाणी मात्र मूल दोन वर्षांचे असतानाच शुद्ध करता येते.