दादामियांच्या सुरीवरचा चंद्रतारा

बकरी ईद जवळ आली की आमच्या अकोल्याच्या घरात दादामियांची सुरी पेटीतून निघते. गेल्या वर्षी ती निघाली तेव्हा पात्यावर चंद्रतारा होता. भाच्याने हौसेने बाजारातून कोरून आणला होता. नक्षी सुरेख होती, सगळ्यांनी वाहवा केली. आदल्या संध्याकाळी अब्बा धार लावायला बसले, तर धार टिकेचना. दगडावर लावावी आणि लाकडावर तपासावी, तोच दुमडलेली. जनावराला कमीत कमी त्रास व्हावा म्हणून सुरी तेज असावी, ही पैगंबर साहेबांची (स.) शिकवण. अब्बांनी सुरी गुंडाळून ठेवली. आमच्या घरी पहिल्यांदाच शेजाऱ्यांकडून सुरी मागून आणावी लागली.

ईदनंतर आम्ही ती अमरावतीच्या एका म्हाताऱ्या शिकलगारांकडे नेली. ('सैकल' म्हणजे घासून उजळणे, शिकलगार हा शब्द त्यातूनच आला.) त्यांनी पात्याच्या पाठीवर कानस फिरवली. कानस घसरायला हवी होती, ती लोखंड खाऊ लागली. "पाणी उतरलं हिचं," ते म्हणाले.

पोलादाला पाणी द्यायचे म्हणजे ते लाल तापवून तेलात किंवा पाण्यात एकदम विझवायचे. लोहार चुंबक लावून पाहतो. चुंबक चिकटेनासे झाले, म्हणजे सुमारे 770 अंश सेल्सिअसच्या पुढे गेले, की पाते विझवायला तयार. विझवलेले पाते काचेसारखे ठिसूळ असते, म्हणून पुन्हा 200 अंशांच्या आसपास हलके तापवतात. घासलेल्या भागावर गवताचा पिवळा रंग आला की थांबायचे. रंग निळ्यावर गेला, तर सुरीची धार मऊ पडते. आमच्या कारागिराला कडक पोलादावर कोरणी चालवता आली नाही, म्हणून त्याने पाते गॅसच्या ज्योतीवर धरले होते. वरून घासून चकचकीत केले, पण मुठीजवळ निळी झाक राहून गेली होती.

मग कोरायचे कसे? खरा मार्ग एकच: आधी कोरा, मग पाणी द्या. त्यातही रेघ उथळ आणि गोलसर हवी, कारण खोल, टोकदार रेघेपासून विझवताना तडा जातो. आधीच कडक असलेल्या पात्यावर कार्बाइडच्या टोकाने बारीक रेघा ओढता येतात, लेझरने खूण करता येते, नाहीतर मेणाचा थर देऊन, त्यात नक्षी उघडी करून फेरिक क्लोराईडने खाऊ द्यायची. हातमोजे घालून आणि मोकळ्या हवेत, हे सांगायला नको.

पोलादावर द्रावण चालवण्याची ही विद्या परकी नाही. आईन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात निर्मळच्या पोलादाचा उल्लेख आहे. निर्मळ आता तेलंगणात गेले. त्या भागातले पोलाद घ्यायला इराणचे व्यापारी येत. अशा पोलादाची तलवार घासून तिच्यावर द्रावण फिरवले की लाटांसारखी नक्षी उमटते. तिला 'जौहर' म्हणतात. ती कोणी कोरलेली नसते, पोलादाच्या आतच असते. आणि बोधचिन्हच पाहायचे तर चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर जावे. इमादशाहीच्या वेळचा गंडभेरुंड तिथल्या दरवाजावर आहे. पण तो दगड, छिन्नी चालते.

भाच्याला खरे तर कलमा कोरायचा होता. अम्मीने अडवले. ज्या पात्याला रक्त लागणार, जे धुऊन कोपऱ्यात ठेवले जाणार, त्यावर पाक नाव कशाला? आम्हालाही ते पटले. शिवाय खोल अक्षरांत चरबी अडकते आणि गंज तिथूनच धरतो. फूल, वेल, चंद्र, जे काही कोरायचे ते मुठीजवळ, पाठीच्या बाजूला, धारेपासून दूर.

यंदा शिकलगारांनी ओळखीच्या लोहाराकडे पाठवले. जुनी नक्षी घासून काढली. पाते आधी मऊ करून, भाच्याच्याच हातात छिन्नी देऊन मुठीशी छोटा चंद्र कोरवून घेतला, मग तेलात विझवले. पिवळा रंग येईपर्यंत तिघे भट्टीजवळून हलले नाहीत. आता पाठीवर कानस घसरते. चंद्राचे एक टोक जरा वाकडे आले आहे. भाचा ते घासायला निघाला होता, अब्बा म्हणाले, राहू दे.