ताम्हिणीच्या धुक्यात हेडलाइट

पावसाळ्यात मुळशीहून ताम्हिणी घाट उतरताना धुकं दाटलं, की अनेकांना जादा उजेडाचा बल्ब बसवावासा वाटतो. पण धुक्यातले जलकण तोच उजेड चालकाच्या डोळ्यांवर परत फेकतात.

मूळ एच४ हॅलोजन बल्ब ६०/५५ वॅटचा. त्यात डिपरच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते. ती रिफ्लेक्टरच्या खालच्या भागाकडे जाणारा उजेड अडवते, म्हणून झोत वर उसळत नाही. १००/९० वॅटच्या बल्बने होल्डर आणि वायरिंग तापतं. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बसवला, तर प्रकाशाची जागा बदलून झोत विस्कटू शकतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ सांगतो: दिव्यापासून ८ मीटरवर, अर्धा मीटर उजवीकडे, दीड मीटर उंचीवरचे डोळे दिपता कामा नयेत. त्यामुळे बल्ब मूळ प्रकाराचा, तितक्याच वॅटचा घ्यावा आणि झोताची उंची गॅरेजमध्ये तपासून घ्यावी.