आग लागली की लावली?

इंग्रजीत आग, युद्ध, पटकीची साथ, दंगल, कपाळावरचा घाम, अंगावरचे पुरळ आणि तुरुंगातला कैदी ही सारी मंडळी एकाच दाराने बाहेर पडतात. त्या दाराचे नाव ‘ब्रेक आऊट’. आपल्याकडे ज्याचे त्याचे दार वेगळे. आग लागते, युद्ध पेटते, साथ येते, दंगल उसळते, घाम फुटतो, पुरळ उठते आणि कैदी तुरुंग फोडून पळतो. ‘घाम उसळला’ किंवा ‘दंगल लागली’ असे कोणी लिहिले तर चौथीतला मुलगाही हसेल. इंग्रजी शिकणाऱ्याची एका परीने सोयच म्हणायची. सात क्रियापदांचे काम एकात भागते.

पण ही सोय फसवी आहे. आम्ही इंग्रजी शिकलो ते पाचवीपासून, आणि घरी वडिलांच्या वेळची तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती तिच्या आधाराने. दुसऱ्या महायुद्धाचा धडा आला की वर्गातली निम्मी मुले ‘वॉर वॉज ब्रोकन आऊट’ असे लिहीत आणि गुरुजींची लाल शाई संपत असे. अकर्मक क्रियापदाचा कर्मणी प्रयोग होत नाही, हे व्याकरण झाले. ते पाठ करण्यापेक्षा शब्दांचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. ‘ब्रेक’ म्हणजे तुटणे, ‘आऊट’ म्हणजे बाहेर. आत काही तरी कोंडलेले असते, बांध फुटतो आणि ते धाडकन बाहेर येते. 1939 चे युद्ध येणार हे वर्षभर साऱ्या युरोपला दिसत होते, तरी 1 सप्टेंबरला ते ‘ब्रोक आऊट’ झाले ते याच अर्थाने. परीक्षा अशी बाहेर फुटत नाही, ती वेळापत्रकाने येते. लग्नही फुटत नाही; फुटलेच तर भलत्या अर्थाने. या दाराने बहुधा संकटेच येतात. हसू, गाणे, टाळ्यांचा कडकडाट एवढे अपवाद. ‘शांतता ब्रोक आऊट’ असे इंग्रज म्हणतो तेव्हा तो थट्टा करत असतो.

क्रियापदाला चिमुकले अव्यय जोडून नवाच अर्थ काढायची ही खोड परदेशी माणसाला फार जड जाते, हे डॉ. जॉन्सनने 1755 च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत मान्य केले होते. अशा जोडक्रियापदांना ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव रूढ झाले ते बरेच उशिरा, लोगन पिअरसॉल स्मिथ याने 1925 मध्ये ते छापून वापरल्यावर. म्हणजे रोग जुना, नाव नवे.

मला या शब्दाबद्दल सांगायचे आहे ते मात्र वेगळेच. मराठीत आग ‘लागते’ तशी ‘लावतात’ही. पेटणे आहे तसे पेटवणे आहे. भडकणे-भडकवणे, फुटणे-फोडणे. ‘वाचा फुटली’ म्हटले की ती आपोआप फुटली, ‘वाचा फोडली’ म्हटले की कोणी तरी पुढे होऊन बोलले. घामसुद्धा आपल्याला फुटतो आणि दुसऱ्याला फोडता येतो. बोलणाऱ्याला दर वेळी ठरवावे लागते, की यात कोणाचा हात आहे की नाही. (रडू तेवढे ‘कोसळते’, ते कोणी कोसळवत नाही. रडवणारा निराळा शब्द घेऊन येतो.) ‘ब्रेक आऊट’ला असे जोडीदार रूप या अर्थाने नाही. ‘ही ब्रोक आऊट द फायर’ असे म्हणता येत नाही. हे वाक्य कर्त्याला आत येऊच देत नाही.

बहुतेक वेळा त्याने बिघडत नाही. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजात आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे 1400 टन दारूगोळा. दुपारी चारनंतर स्फोट झाले आणि गोदीलगतच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. अग्निशमन दलाचे अनेक जवान त्यात गेले, त्यांच्या स्मरणार्थ आजही 14 एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात. युद्धाचे दिवस असल्याने घातपाताचा संशय होताच. आग ‘लागली’ असे म्हणायला चौकशीनंतरच हरकत उरली नाही.

दंगलीचे तसे नाही. ‘दंगल उसळली’ हा आपल्या वर्तमानपत्रांचा ठरलेला मथळा. मराठी क्रियापदही येथे ‘ब्रेक आऊट’च्या पंक्तीला जाऊन बसते. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबईत जे घडले त्याला मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत हेच शब्द लागले. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाला, कोण जबाबदार, हे शोधायला पाच वर्षे लागली. अहवाल आला 1998 मध्ये. उसळते ते दूध. चूल कोणी पेटती ठेवली हे विचारायचे असेल तर क्रियापद बदलावे लागते.

बँकेत असताना याची किंमत एका माणसाला मोजावी लागलेली मी पाहिली. विदर्भातील एका तालुक्याच्या गावी आमच्या शाखेकडे तारण असलेला कापूस गोदामात होता. एका रात्री तो जळाला. राखणदार रोजंदारीवरचा, सही करण्यापुरते शिकलेला. त्याचा जबाब मराठीत घेतला गेला. ‘मागच्या खिडकीतून कोणी तरी आग लावली, मी आरडाओरडा केला, तोवर गासड्या पेटल्या होत्या.’ हा कागद वरच्या कार्यालयात इंग्रजी होऊन गेला तेव्हा त्याचे झाले, ‘ए फायर ब्रोक आऊट व्हाइल द वॉचमन वॉज ऑन ड्युटी’. भाषांतर करणाऱ्याच्या मनात काही वाईट होते असे मला वाटत नाही. इंग्रजीत ‘सेट फायर टू’ आहे, आणि ते त्याला ठाऊकही असणार. पण अहवाल लिहिणारा हात सवयीने ‘ब्रोक आऊट’कडेच जातो, तो शब्द सभ्य आहे, कोणावर बोट दाखवत नाही. बोट मग आपोआप वाक्यात उरलेल्या एकुलत्या एका माणसाकडे वळले. राखणदाराला हलगर्जीपणासाठी काढून टाकण्यात आले.

मी त्या वेळी त्या शाखेत कनिष्ठ अधिकारी होतो. विम्याची फाईल माझ्याकडे आली. मालकाने स्वतः आग लावली असेल तर भरपाई नाही, म्हणून विम्याचा पाहणी अधिकारी मूळ कागद मागत होता. तो काढून दिला तेव्हा दोन जबाब शेजारी शेजारी आले. मी चार ओळींचे टिपण लिहिले, मूळ मराठी पान जोडले आणि वर पाठवले. फेरचौकशी झाली. खिडकीचे गज वाकवलेले होते, हे पंचनाम्यात आधीपासूनच होते. आग कोणी लावली ते शेवटपर्यंत कळले नाही. राखणदाराला परत घेतले ते सात महिन्यांनी. मधल्या दिवसांची रोजंदारी त्याला मिळाली नाही.