कुत्र्यावरील गोचीड : स्वस्त उपायाची खरी किंमत

कुत्र्याच्या अंगावर गोचीड दिसताच आपण औषध कुत्र्याला लावतो. तिचे बिऱ्हाड मात्र घराच्या भिंतीत असते. भारतात सर्वत्र आढळणारी तपकिरी गोचीड आयुष्यात तीन अवस्थांत रक्त पिते आणि दर वेळी खाली उतरून फटीत दडते. अखेरीस मादी तेथेच हजारो अंडी घालते. म्हणून नैसर्गिक नियंत्रणाचा आरंभ फटी बुजवण्यापासून व कुत्र्याचे अंथरूण कढत पाण्यात धुण्यापासून होतो. अंगावरील गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी. पिसवांसाठी बारीक दातांची फणी वापरावी. कडुनिंबाच्या तेलातील अझाडिरॅक्टिन किडीची वाढ रोखते, तिला तत्काळ मारत नाही. त्यामुळे ते पातळ करून पुनःपुन्हा लावावे लागते. येथे पैशाची जागा श्रम घेतात, आणि हे श्रम बहुधा गृहिणीचे असल्याने कोणत्याच हिशेबात येत नाहीत!

'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक, हाही भ्रमच. टी ट्री तेल मांजराला विषारी ठरते. गोचिडीमुळे होणाऱ्या एर्लिकिओसिस रोगात कुत्र्याला ताप येतो, रक्तातील प्लेटलेट घटतात. तेथे तेल निरुपयोगी असून, पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली डॉक्सिसायक्लिनसारखे प्रतिजैविकच द्यावे लागते.