नर्सिंगला पाठवताय? आधी नोंदणीचं विचारा

बारावीचा निकाल लागला की आमच्या गटाच्या बैठकीत हप्त्यांपेक्षा पोरींच्या पुढच्या शिक्षणाचंच बोलणं जास्त होतं, आणि “नर्सिंगला घालू का हिला?” हा प्रश्न हमखास निघतो. रेडिओवर आम्ही याच विषयावर बोललो होतो. बऱ्याच जणींनी ते लिहून मागितलं, म्हणून इथे देतोय.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो. गटातल्या एका ताईंनी लेकीसाठी कर्ज मागितलं आणि आम्ही एका बैठकीत मंजूर केलं. तालुक्याच्या गावी एक वर्षाचा ‘नर्सिंग’ कोर्स, पांढरा ड्रेस, शेवटी सोनेरी कडेचं प्रमाणपत्र. पोरगी हुशार होती, मन लावून शिकली. पुढे सरकारी भरतीचा अर्ज भरायला बसली, तर त्यात परिषदेचा नोंदणी क्रमांक मागितलेला. तिच्याकडे तो नव्हता, आणि त्या कोर्सवर तो कधी मिळणारही नव्हता. हप्ते मात्र ताईंनी शेवटपर्यंत फेडले. पैसे देताना आमच्यापैकी एकीनेही विचारलं नव्हतं, की या शिक्षणावर नोंदणी होते का?

ही नोंदणी म्हणजे काय? आपल्या राज्यात १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका अधिनियम आहे. त्याखाली मुंबईला महाराष्ट्र परिचर्या परिषद आहे आणि तिच्याकडे परिचारिकांची नोंदवही असते. मान्य संस्थेत शिकून, परीक्षा पास होऊन या वहीत नाव चढलं की पोरगी नोंदणीकृत नर्स झाली. दवाखान्यात सगळे तिला ‘सिस्टर’ म्हणत असले, तरी वहीत नाव नसेल तर कायद्याने ती नर्स नाही. केंद्राने २०२३ साली परिचर्या आणि प्रसविका आयोगाचा नवा कायदा केला आहे. त्याने वरच्या संस्थांची नावं बदलतील, पण नोंदणीची अट सुटणार नाही.

या वहीपर्यंत जायच्या मुख्य वाटा तीन. पहिली ए.एन.एम., दोन वर्षांची, फक्त मुलींसाठी, बारावीनंतर. आपल्या उपकेंद्रात लसीकरणाला बसतात त्या आरोग्यसेविका याच शिक्षणाच्या. साधारण ५ हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र असतं, अकोल्यासारख्या आदिवासी भागात ३ हजारांना. दुसरी जी.एन.एम., तीन वर्षांची. बारावी कुठल्याही शाखेची चालते, विज्ञान असेल तर बरं, पण इंग्रजी विषय हवा आणि ४० टक्के हवेत. मोठ्या दवाखान्यात वॉर्ड सांभाळणारी स्टाफ नर्स होण्याची ही नेहमीची वाट. तिसरी बी.एस्सी. नर्सिंग, चार वर्षांची पदवी. तिला बारावी विज्ञानच लागतं. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, शिवाय इंग्रजी, आणि खुल्या गटाला ४५ टक्के. त्याआधी राज्याची सीईटी द्यावी लागते. म्हणजे हा निर्णय खरं तर दहावीनंतर शाखा निवडतानाच होतो. बारावी कला झालेल्या पोरीला कुणी “बी.एस्सी.ला बसवतो” म्हणालं, तर तिथून उठून यावं.

एक गोष्ट सासवांनी नीट ऐकावी. ए.एन.एम. आणि जी.एन.एम.साठी वय १७ ते ३५ चालतं. घरातली सून बारावी झालेली असेल, तिशीची असेल, तरी तिची वेळ गेलेली नाही. आणि ए.एन.एम. झाली म्हणून तिथेच थांबावं लागत नाही. पुढे जी.एन.एम. करता येतं. जी.एन.एम. झालं की दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. आहे. नोकरी, लेकरं सांभाळत टप्प्याटप्प्याने शिकणाऱ्या बायका आहेत. सोपं नाही, पण वाट आहे.

आता कॉलेज कसं पारखायचं? लोणीला प्रवरा आहे, नगरजवळ विळद घाटात आहे, म्हणजे जिल्ह्यात मोठ्या रुग्णालयाला जोडलेलं नर्सिंग शिक्षण मिळतं. तरी कुठेही जा, पहिला प्रश्न हाच: पास झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होते का? तोंडी ‘हो’ ऐकू नका, मान्यतेचं पत्र पाहा आणि ते यंदाचं आहे का तेही बघा. भारतीय परिचर्या परिषदेच्या संकेतस्थळावर राज्यवार यादी असते. सेतू केंद्रातल्या पोराला सांगितलं की तो काढून देतो. दुसरा प्रश्न, शिकायला रुग्णालय कुठलं? जी.एन.एम. आणि बी.एस्सी.ला साधारण १०० खाटांचं रुग्णालय लागतं. एस.टी. स्टँडजवळच्या गाळ्यात दोन खोल्या आणि एक प्लॅस्टिकची बाहुली, एवढ्यावर नर्स घडत नाही. तिसरा, परीक्षा कोण घेतं? विळद घाटासारख्या कॉलेजची बी.एस्सी.ची परीक्षा नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं. प्रवरा हे अभिमत विद्यापीठ, त्यामुळे पदवी त्यांची स्वतःची. संस्थाच परीक्षा घेते आणि संस्थाच प्रमाणपत्र देते, पण ती विद्यापीठ नाही, असं असेल तर सावध.

रुग्णसहायकाचे सहा महिन्यांचे, वर्षाचे कोर्स अगदीच वाया, असं आम्ही म्हणत नाही. घरी आजारी म्हाताऱ्यांची सेवा करायला, दवाखान्यात मदतनीस म्हणून त्यावर काम मिळतं. पण त्याला नर्सिंग म्हणून विकणं ही फसवणूक आहे.

इथे जामखेडची आठवण निघतेच. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे काम सुरू केलं, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकाही गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. बाळंतपणं केली, लेकरं वाचवली. कुणी विचारतं, मग कागदाचं एवढं कशाला? त्या बायका आपल्या गावात, मागे डॉक्टर आणि रुग्णालय असताना काम करत होत्या. परक्या शहरात, नोकरीच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या पोरीला कागदच विचारतात.

पैशाचं बोलायचं तर, ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, मराठा आरक्षण आणि ओबीसी गटातल्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. पण प्रवेश सरकारी फेरीतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला किंवा खासगी अभिमत विद्यापीठात घेतला, तर ही सवलत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या शिष्यवृत्त्या वेगळ्या आहेत. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, लागत असेल तर जातपडताळणी, हे अकरावीतच हाती घ्या. जूनमध्ये तहसीलला रांग लावून काही होत नाही.

पास झाल्यावरही काम उरतं. निकाल लागला की नोंदणी लगेच करून घ्यावी, आणि पुढे दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण करावं. लग्नानंतर नाव बदलणार असाल, तर नोंदवहीतलं नावही कागदोपत्री बदलून घ्या. दहावीला एक नाव, नोंदणीला दुसरं, आधारवर तिसरं, असं झालं की नोकरीच्या वेळी हेलपाटे पडतात.

त्या ताईंची लेक आता जी.एन.एम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. या वेळी कर्ज देण्याआधी आम्ही चौघी कॉलेजला गेलो, मान्यतेचं पत्र मागितलं, वॉर्डात फिरून आलो. तुमच्याकडे कुठल्या संस्थेचं माहितीपत्रक आलं असेल, तर पैसे भरायच्या आधी ते गटाच्या बैठकीत घेऊन या. सगळ्या मिळून वाचू.