सुईतून वाहणारे, देहात सांधणारे औषध

मधुमेहाच्या अनेक रुग्णांना दररोज सुई टोचून घ्यावी लागते. पेढीचे काम असो, प्रवास असो वा घरचे लग्नकार्य, त्यात खंड पडून चालत नाही. आणि खंड पडतो तो नेमका अशाच धावपळीत. एकदाच टोचलेले औषध महिनोन्‌महिने देहात थोडे थोडे झिरपत राहिले तर? या प्रश्नाचे उत्तर ‘हायड्रोजेल’मध्ये शोधले जात आहे.

हायड्रोजेल म्हणजे लांब रेणूंच्या जाळ्यात पुष्कळ पाणी धरून ठेवणारा मऊ पदार्थ. डोळ्यांत घालण्याची मऊ कॉन्टॅक्ट लेन्स हे त्याचे परिचित रूप. मात्र पक्क्या बंधांनी बांधलेले जेल सुईतून ढकलले, तर त्याचे तुकडे होतात. म्हणून शास्त्रज्ञांनी रेणूंमधील बंध सुटतील आणि पुन्हा जुळतील असे योजले. सिरिंजचा दट्ट्या दाबताच हे बंध सुटून जेल वाहू लागते; दाब सरताच ते पुन्हा सांधले जातात आणि त्वचेखाली त्याचा छोटासा गोळा होतो. तो हळूहळू विरत जातो, तसतसे आतील औषध बाहेर पडते.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात एरिक ॲपल यांच्या गटाने असे जेल मधुमेही उंदरांवर वापरून २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकाच टोचणीने सुमारे सहा आठवडे रक्तातील साखर आटोक्यात राहिली. माणसांसाठी चार महिन्यांतून एकच टोचणी, हे त्यांचे ध्येय आहे.

आपल्या घरांत आणखी एक प्रश्न उठेल : हे जेल कशाचे? वरील प्रयोगातील लांब रेणू वनस्पतिजन्य सेल्युलोजपासून बनवलेले होते. अल्जिनेट समुद्री शेवाळातून मिळते. पण कायटोसान बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून, तर जिलेटिन प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून तयार होते. शिवाय घटक वनस्पतिजन्य असला, तरी चाचणी मुक्या जिवांवरच झाली, हेही विसरता येत नाही.

म्हणून उद्या असे औषध हाती आले, तर त्याचे मूळ डॉक्टरांना निःसंकोच विचारावे. तोवर मात्र आजची टोचणी वेळेवर घ्यावी. उद्याच्या आशेवर आजचा उपचार थांबवू नये.